तीन नंबर प्रेसची जाळी

१

सरूबाईंनी फेकलेली चप्पल पडद्यावरच्या माणसाच्या बरोब्बर पाठीत बसली.

भोसरीतलं ते मंगल कार्यालय गच्च भरलं होतं. खराडकर स्टॅम्पिंगला पन्नास वर्षं झाली म्हणून फेटे, सनई, पेढे असा सगळा थाट होता. आणि शेवटी कंपनीच्या इतिहासावरची फिल्म. ती जोडली होती दिघीच्या अनुया गद्रेनं. आजचं चित्रण घेऊन त्याला जुन्या रिळाचं रूप देणं, म्हणजे रंग पिवळट करायचे, चित्र थोडं थरथरवायचं, वर धूळ आणि ओरखडे चढवायचे, हा तिचा धंदा होता आणि त्यात तिचं नाव होतं. स्वभाव म्हणाल तर तिखट. कुणी उगाच बोट लावलं तर हात झटकून टाकणारी.

फिल्म संपत आली आणि पडद्यावर एक तुकडा आला, जो अनुयानं जन्मात पाहिला नव्हता. पिवळट, थरथरता. निळ्या डगल्यातला, टोपी घातलेला एक पाठमोरा माणूस पत्रा दाबणाऱ्या तीन नंबर प्रेससमोर आला. प्रेसला हात लावून त्यानं तो कपाळाला लावला. मग पाना घेऊन नट सोडवले आणि कामगाराची बोटं वाचवणारी लोखंडी जाळी काढून बाजूला ठेवली. खाली अक्षरं आली : ‘रोहिदास, १९८४’.

रोहिदास म्हणजे सरूबाईंचे यजमान. चौऱ्याऐंशी साली त्या प्रेसखाली त्यांचा उजवा हात चिरडला, आणि पुढं चारपाच वर्षांत माणूसच गेला. जाळी कुणी काढली होती? कंपनी म्हणाली, त्यानंच. सरूबाई तेव्हापासून गावभर सांगत होत्या, शेटनं काढली, माल लवकर निघावा म्हणून.

“तो माझा माणूस न्हाई!” सरूबाई ओरडल्या. “न्हाई तो! कुनाला दावताय रं?”

मालक दादासाहेब खराडकर माईकवर आले. चेहरा कसा, तर दुःखानं भरलेला. “वहिनी, कॅमेरा खोटं बोलत नाही. आता नातवानंही तेच केलं. काहींच्या रक्तातच असतं ते.”

नातू गणराज आजीशेजारीच बसला होता. याच श्रावणात कंपनीच्या नव्या प्रेसवर त्याची तीन बोटं गेली होती. जाळी तुझी तूच काढलीस असं म्हणून कंपनीनं त्याचीच चौकशी लावली होती, येत्या शुक्रवारी. त्यानं पट्टी बांधलेला हात मांडीखाली लपवला.

मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या अनुयाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण पुढच्याच क्षणाला ती गारही पडली. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातून आकड्यासारखा वळलेला एक केस सरकत गेला होता. तो केस तिच्या ओळखीचा होता.

२

तो बकऱ्याचा केस होता, हे जगात तिघांनाच माहीत होतं.

बाकीचे लोक धूळ नेटवरून आयती उतरवून घेतात. अनुयाला ते चालत नसे. पिंपरी कॅम्पात युसुफभाईंचं जुने कॅमेरे दुरुस्त करायचं दुकान आहे. ईदच्या आधी तिथं मागच्या बाजूला बकरा बांधलेला असतो. तिथल्या फरशीवरून फिल्मची कोरी पट्टी फरफटत नेऊन, मग ती स्कॅन करून तिनं स्वतःची धूळ बनवली होती. एक चहा पिऊन होईल एवढा वेळ पडद्यावर चालणारी. त्यात तो केस फक्त एकदा येतो. ही धूळ होती तिच्याकडे, तिचा भागीदार स्वानंदकडे आणि युसुफभाईंचा मुलगा अझहरकडे. पट्टी अझहरनंच दिली होती, म्हणून धुळीची एक प्रत त्यालाही मिळाली.

म्हणजे तुकडा बनावट, हे नक्की. पण हे सांगायला तोंड उघडावं तर लोक म्हणणार, बाई, धूळ तुमची, फिल्म तुमची, शेवटी नाव तुमचं. मग बनावट कुणाची?

म्हणायला सुरुवातही झाली होती. कार्यालयाबाहेर गणराज तिच्यासमोर येऊन उभा राहिला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तो म्हणाला, “ताई, तुम्ही माझ्या आजीची मुलाखत घ्यायला घरी आला होता. तिनं तुम्हाला आग्रह करकरून पोहे खायला घातले. आठवतंय का?”

“मी नाही केलं हे, गणराज.”

“मग कुणी केलं ते शुक्रवारच्या आत आणून दाखवा. नाहीतर माझी नोकरी गेली, आणि आजोबा परत एकदा मेले.”

तो गेला. अनुयानं स्कूटरला अशी किक मारली की जणू ती दादासाहेबांच्याच नडगीवर बसणार होती.

३

स्वानंद स्टुडिओत पाठ करून बसला होता. कार्यालयात काय झालं ते त्याच्या कानावर आलं होतं. तिनं खुर्ची धरून त्याला गर्रकन फिरवलं.

“फिल्म कुणाला दिलीस?”

“शार्दूलला. दादासाहेबांच्या नातवाला. पेन ड्राइव्हवर. आपण ठरवलं होतं तेवढीच, त्यात हा तुकडा नव्हता. शपथ.”

“धूळ दिलीस?”

“वेडी आहेस का?”

पण त्याची नजर टेबलावर गेली. तिथं खराडकर स्टॅम्पिंगचं पाकीट पडलं होतं. त्यांच्या जाहिरातींचं वर्षभराचं काम यानं परस्पर घेतलं होतं, हिला न विचारता.

“अनु, सांगणारच होतो. तू भांडशील म्हणून...”

“भांडणारच! घरभेदी मेला!”

ती तडक पिंपरीला गेली. अझहर दुकानात होता. कार्यक्रमाला प्रोजेक्टर त्यानंच चालवला होता.

“दीदी, माझ्यावर शक घेताय?” तो पण चिडला. “शार्दूलनं पेन ड्राइव्ह हातात दिला, मी लावला. आत काय आहे ते मी कशाला बघू? आणि एवढं झाल्यावर तो माणूस मला म्हणतो, ड्राइव्ह परत दे, पुसून टाक. मी नाही पुसलं. लॅपटॉपमध्ये घेतलं होतं, तसंच आहे. घ्या.”

अनुयाला त्याला मिठी मारावीशी वाटली. त्याऐवजी ती म्हणाली, “चहा सांग,” आणि तुकडा तिथंच पुन्हापुन्हा पाहायला लागली.

केस आला. वळला. गेला. तिनं श्वास सोडला, तोच परत केस आला. तोच, त्याच कोपऱ्यातून. थोड्या वेळानं परत. आणि दर वेळी केस जाऊन जरा वेळ झाला की चित्राच्या मध्यभागी एक पुसट उजेड यायचा आणि फट्कन नाहीसा व्हायचा.

“हा उजेड कसला रे?”

“लाइट लीक असेल. जुन्या कॅमेऱ्यात आत उजेड जातो.”

“जुना कॅमेरा आहेच कुठं यात?” अनुया म्हणाली. पण उजेड कसला ते तिलाही सांगता येईना.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सरळ कंपनीत गेली. गेटवर अडवलं. तिनं जो आवाज चढवला, तो वरच्या मजल्यावर गेला आणि दादासाहेब स्वतः खाली आले. आले, वॉचमनकडची वही घेतली, उजव्या हातानं झोकात सही ठोकली आणि तिला आत घेतलं. चौऱ्याहत्तरीचा माणूस, पण ताठ.

“या. तीन नंबर बघायचाय ना? बघा. आम्हाला लपवायचं काय आहे?”

जुना प्रेस शेडच्या कोपऱ्यात शोभेला ठेवला होता. खंडेनवमी तोंडावर आली होती, म्हणून नुकताच पुसलेला. दादासाहेबांनी जवळ जाऊन प्रेसला डावा हात लावला, कपाळाला टेकवला आणि तिच्याकडे बघून ओशाळं हसले. “उजवा खांदा धरलाय दोन वर्षं. वर जात नाही. देव समजून घेतो.”

“देव घेईल. सरूबाई नाही घेणार. ती रीळ कुठून आली?”

“ते तुम्हाला ठाऊक! तुमच्या स्टुडिओतून आली.”

चोराच्या उलट्या बोंबा. अनुयाचे कान तापले. “मी दिलेल्या फिल्ममध्ये ती नव्हती.”

“मग शार्दूलला विचारा.”

शार्दूल तिथंच होता. गुळगुळीत दाढी, हातात फोन. “मॅडम, आमच्या कपाटात जुनी रीळ सापडली, तुमच्याच माणसांनी स्कॅन केली. आता लोक चिडले म्हणून तुम्ही हात झटकताय.”

“रीळ दाखवा.”

“खराब झाली. फेकली.”

“वा! इतिहास फेकला?”

शार्दूल खाली बघायला लागला. दादासाहेब मध्ये पडले. “बाई, रोहिदास माझा माणूस होता. चांगला कारागीर. पण हट्टी. ही जाळी त्याचीच होती, तोच लावायचा, तोच काढायचा. मी आयुष्यात या जाळीला हात लावलेला नाही. आमचं काम ऑफिसात. शुक्रवारी ही फिल्म चौकशीत ठेवतोय. सुमेधाबाई वकील आहेत, बाहेरून नेमल्यात, त्या ठरवतील. तोपर्यंत नमस्कार.”

बाहेर पडता पडता अनुया जाळीपाशी वाकली. लोखंडी, जाड. समोर तीन नट दिसत होते.

गेटवर गणराज भेटला. चौकशीचे कागद घ्यायला आला होता. तिला बघून त्यानं तोंड फिरवलं, पण ती हटली नाही.

“एक सांग. ती जाळी तीन नट काढले की निघते ना?”

“नाही निघत,” तो नाइलाजानं बोलला. “चौथा आहे. मागून, खालच्या अंगाला. तो दिसतच नाही. मागल्या खंडेनवमीला साफ करायला काढायची होती तर आम्ही चौघं तासभर शोधत होतो. शेवटी तशीच पुसली. का?”

अनुयाला तो तुकडा आठवला. पडद्यावरच्या माणसानं समोरचे तीन नट काढले होते, आणि मग खाली न बघता हात मागे नेला होता.

५

“सरूबाई, मला शिव्या द्या, पण आधी हे बघा.”

दिघीच्या स्टुडिओत सरूबाई येऊन बसल्या होत्या. पायात गणराजच्या मोठ्या सपाता. एक चप्पल कार्यालयात राहिली होती आणि कंपनीनं ती दांडगाईचा पुरावा म्हणून ठेवून घेतली होती. दुसरी एकटी काय घालायची?

स्वानंदही होता. पाकीट त्यानं परत पाठवलं होतं. अनुयानं त्याला अजून माफ केलं नव्हतं, पण कामाला लावलं होतं.

तुकडा हळू चालवला. पाठमोरा माणूस प्रेसला हात लावतो. कपाळाला टेकवतो. सरूबाई एकदम पुढं झुकल्या.

“थांबवा. ह्यो मेला डाव्या हातानं पाया पडतोय व्हय?”

अनुयानं थांबवलं.

“डाव्या हातानं कुनी देवाला शिवतं का? आमचा मानूस फाटका असंल, पर मशीनीला देव मानायचा. उजवा हात धुऊन मगच लावायचा. हातच गेला त्याचा त्या देवापायी!” पदर तोंडाला लावून त्या रडल्या, आणि रडता रडताच स्वानंदला म्हणाल्या, “बघत काय बसलास? पानी दे.”

“डावखुरा असेल एखादा,” स्वानंद पाणी देत म्हणाला.

“नाही,” अनुया म्हणाली. “पुढं बघ. पाना उजव्या हातात आहे. चारही नट उजव्या हातानं. माणूस उजवाच. मग नमस्कारच तेवढा डाव्यानं का?”

बोलता बोलता ती थांबली. भोसरीच्या शेडमध्ये, सकाळच्या उन्हात, एक डावा हात कपाळाला टेकताना तिनं पाहिला होता. त्याच माणसानं थोडं आधी उजव्या हातानं सही केली होती.

तिच्या तोंडातून जी शिवी निघाली ती सरूबाईंनाही नवीन होती.

“पण अनु,” स्वानंद म्हणाला, “एवढ्यानं शुक्रवारी भागायचं नाही. ते म्हणतील, तुकडाच तुम्ही बनवला, नमस्कारही तुम्हीच बसवला. धूळ तुमची आहे.”

हे खरं होतं. अनुयानं रागानं मूळ फिल्म सुरुवातीपासून लावली. काळा पडदा. त्यावर नुसती धूळ. केस आला, वळला, गेला. मग मध्यभागी एक पुसट उजेड यायला लागला, आणि त्यातून अक्षरं वर आली : ‘पन्नास वर्षं’.

तिनं टेबलावर मूठ आपटली. पेला उडाला.

“सापडला गाढव!”

६

शुक्रवारी कंपनीच्या मोठ्या खोलीत चौकशी बसली. टेबलाच्या डोक्याशी सुमेधाबाई. एका बाजूला दादासाहेब आणि शार्दूल, दुसऱ्या बाजूला गणराज आणि सरूबाई. टेबलावर प्लॅस्टिकच्या पिशवीत ती चप्पल. दाराशी कामगारांची गर्दी. शिफ्ट सुटली होती आणि कुणी घरी गेलं नव्हतं.

“रीळ खरी की बनावट?” सुमेधाबाईंनी थेट विचारलं.

“बनावट. आणि धूळ माझी आहे,” अनुया म्हणाली. दादासाहेबांच्या चेहऱ्यावर हसू आलं. “थांबा, इतक्यात हसू नका. ही माझी मूळ धूळ. चहा पिऊन होईल एवढी लांब आहे. यात हा केस एकदाच येतो. ही माझ्याकडे, स्वानंदकडे आणि अझहरकडे आहे. आम्हा तिघांपैकी कुणी तो तुकडा केला असता तर केस एकदाच दिसला असता. आता तुमचा तुकडा बघा.”

केस आला. परत आला. परत आला.

“ज्यानं हे केलं त्याच्याकडे धूळ थोडीशीच होती, म्हणून तेवढीच पुन्हापुन्हा चिकटवली. ती त्यानं कुठून घेतली? या मधल्या उजेडाकडे बघा. हा माझ्या फिल्मच्या नावाचा उजेड आहे. ‘पन्नास वर्षं’ ही अक्षरं उमटायच्या आधीचा काळा पडदा त्यानं कापला. पण कापायला जरासा उशीर केला आणि अक्षरांचा पहिला उजेड सोबत आला. म्हणजे त्याच्याकडे नुसती तयार फिल्म होती. आमच्या तिघांशिवाय तयार फिल्म एकाच माणसाला दिली होती.”

शार्दूलच्या गुळगुळीत गालांवरचा रंग उतरला. “मॅडम... ते फक्त नाट्यरूपांतर होतं. घडलं तसंच दाखवायचं, एवढंच.”

“गप्प बस,” दादासाहेब म्हणाले.

“घडलं तसं, हे तुला कुणी सांगितलं?” अनुयानं विचारलं.

“आजोबांनी.”

“आणि डगला घालून उभं कोण राहिलं?”

शार्दूलनं हातातला फोन टेबलावर पालथा ठेवला. अनुयानं तुकडा हळू लावला. “हा नमस्कार बघा, डाव्या हाताचा. पाना मात्र उजव्यात. उजवा हात चालतो, पण वर जात नाही. दादासाहेब, जरा उजव्या हातानं नमस्कार करून दाखवता?”

दादासाहेबांचा उजवा हात टेबलावर होता तिथंच राहिला.

“बरं, मी होतो!” ते एकदम उसळले. “उभा राहिलो! नाटक केलं म्हणून फाशी देता काय? रोहिदास काय करायचा ते दाखवलं!”

“हेच ऐकायचं होतं,” अनुया म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता, आणि तोच जास्त भाजत होता. “मला तुम्ही सांगितलंत, या जाळीला आयुष्यात हात लावला नाही. मग हे काय? तीन नट समोरचे. ते कुणालाही दिसतात. आता चौथा. चार तरणी पोरं तासभर शोधत होती, त्यांना मिळाला नाही. तुम्ही मान खाली न घालता हात मागे नेलात आणि एका झटक्यात तो सोडवलात. एवढ्या वर्षांनी! बघून शिकलेला माणूस आधी वाकून शोधतो. हाताला सवय असली तरच असा सुटतो तो. दादासाहेब, टोपी रोहिदासची घातलीत, पण काम तुमचंच करून दाखवलंत.”

शार्दूल आजोबांकडे वळला. “आजोबा? तुम्हाला तो नट कसा माहीत? मी विचारलं तेव्हा म्हणालात, अंदाजानं सापडला.”

दादासाहेब फणकारले, “ऑर्डर होती! दोन दिवसांत माल द्यायचा होता! जाळीनं निम्मा वेळ जायचा. मी काढली, मी परत लावणार होतो...”

बोलून गेल्यावर त्यांना कळलं. सुमेधाबाईंचं पेन कागदावर चालत होतं.

दारातल्या गर्दीतून एक आवाज आला. “मॅडम, गणराजच्या प्रेसची जाळी पण अशीच काढायला लावली होती. वरून फोन आला, तेव्हा मी तिथं होतो. आजवर बोललो नाही.”

“मी पण होतो,” दुसरा म्हणाला. तिसरा नुसताच आत आला आणि गणराजच्या खुर्चीमागे उभा राहिला.

सुमेधाबाईंनी चष्मा काढला. “गणराजवरचा आरोप मी इथंच थांबवतेय. यापुढची चौकशी कंपनीची होईल. ही फिल्म माझ्याकडे राहील, जशी आहे तशी.”

गणराजनं पट्टीचा हात मांडीखालून काढून टेबलावर ठेवला. सगळ्यांसमोर.

सरूबाई उठल्या. आता या बाई काय करतात म्हणून दादासाहेब खुर्चीत मागे सरकले. पण सरूबाईंनी फक्त टेबलावरची पिशवी फाडली, चप्पल काढली आणि खाली ठेवली. दुसरी त्यांनी घरून आणलीच होती. गणराजच्या सपाता बाजूला सारून त्यांनी दोन्ही चपला पायात घातल्या.

“समदे म्हनत हुते, म्हातारीनं सवताच्या नवऱ्याला चप्पल मारली,” त्या दादासाहेबांकडं बघत म्हणाल्या. “न्हाई मारली. ज्याला मारायची त्यालाच बसली.”